पानशेत, 12 जुलै 1961: प्रलयनाट्य नेमकं कुठे घडतं?

अडीच तासांत 1.37 मीटर. पानशेतच्या पुरावर कुणी नाटक, मालिका किंवा चित्रपट लिहायला घेतला, तर त्याला मी आधी हा आकडा कागदावर लिहून समोरच्या भिंतीवर चिकटवायला सांगेन. मातीच्या धरणाचा माथा विमोचकाच्या, म्हणजे धरणातलं पाणी खालून बाहेर सोडायच्या वाटेच्या, वरच्या पट्ट्यात एवढा खचला आणि फुगलेल्या जलाशयापेक्षा जेमतेम 60 सेंटिमीटर वर उरला. म्हणजे दोन फूट. त्या दोन फुटांच्या एका बाजूला डोंगरातलं पाणी होतं आणि दुसऱ्या बाजूला, बऱ्याच खाली, सुमारे 6 लाख वस्तीचं पुणे.

शहर बुडवणाऱ्या पुराची नाट्यं एका ठरलेल्या साच्यातून निघतात. एक जाणकार असतो, त्याचं कुणी ऐकत नाही. एक खुर्चीतला माणूस असतो, त्याला सगळं झाकून ठेवायचं असतं. एक कुटुंब असतं, त्याची ऐन वेळी ताटातूट होते. मग येते ती लाट, आणि ओळखीच्या इमारती एकेक करून पाण्याखाली जातात. पानशेतचं प्रकरण या साच्यात घालायचा मोह कुणालाही होईल, कारण वरवर सगळी सामग्री हजर आहे. मला ते साच्यात बसत नाही म्हणूनच अभ्यासण्यासारखं वाटतं. त्यातलं खरं नाट्य पाण्यात कमी आहे. धरण जाणार हे काही माणसांना कळलं आणि ते शहराला कळलं, या दोन क्षणांच्या मधल्या तासांत ते जास्त आहे.

धरणाची गोष्ट

पानशेत धरण मुठेला मिळणाऱ्या आंबी नदीवर. त्याच्या खाली मुठेवर खडकवासला, आणि त्याच्याही खाली साधारण वीस किलोमीटरवर पुणे. खडकवासला एकोणिसाव्या शतकातलं, 1879 सालचं दगडी धरण. कठीण कातळावर उभं, जवळजवळ दीड किलोमीटर लांब. पानशेत नवं, मातीचं, आणि 1961 च्या पावसाळ्यात अजून पुरं न झालेलं. महाराष्ट्र राज्य तेव्हा सव्वा वर्षाचं होतं. नवी धरणं म्हणजे नव्या राज्याची उमेद, आणि उमेदीला घाई असतेच.

अपुऱ्या धरणात त्या वर्षी पाणी साठू लागलं. 18 जून ते 12 जुलै या काळात तिथे 1,778 मिलिमीटर पावसाची नोंद आहे. जलाशयाची पातळी 12 दिवसांत 24 मीटर चढली. मातीच्या नव्या भरावाला पाण्याचं ओझं सवयीने घ्यावं लागतं. थोडं चढू द्यायचं, थांबायचं, भराव कसा बसतो ते पाहायचं, मग पुढे. इथे थांबायची सोय उरली नव्हती.

कारण पाणी बाहेर सोडायची वाटच अर्धवट होती. विमोचकाची दारं आणि ती उचलायची यंत्रणा पूर्ण बसलेली नव्हती. भरावाच्या पोटातून जाणाऱ्या त्या बोगद्यातून पाणी आवरल्याशिवाय, उसळत, आपटत वाहत राहिलं. पोलाद टंचाईचे दिवस असल्याने तिथे सळईचं काँक्रीट न वापरता साध्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर भागवलं होतं, असं सांगितलं जातं. आतून हादरे बसत गेले, वरच्या मातीला तडे गेले आणि नेमका त्याच रेषेत माथा खाली बसू लागला. सांडवा लहान होता म्हणून हे धरण गेलं नाही. पायाही दगा देऊन गेला नाही. अडचणीच्या वेळी पाणी काढून द्यायची तजवीज अपुरी पडली, म्हणून गेलं.

लेखकाची पहिली पंचाईत इथेच होते. खलनायक कोण? न बसलेलं एक दार. त्यामागे माणसं आहेत, निर्णय आहेत, घाई आहे, टंचाई आहे. पण कुणा एकाच्या मिशीला पीळ देऊन तो रंगमंचावर उभा करता येत नाही. हौशी संहितांमध्ये मग एखादा लाचखाऊ ठेकेदार आणून बसवतात. काम सोपं होतं आणि प्रकरण हातचं जातं.

रात्र

11 जुलैची रात्र. अमावास्या एका दिवसावर आलेली, त्यात पावसाचं आभाळ, म्हणजे उजेडाच्या नावाने शून्य. लष्कराचे जवान धरणाच्या माथ्यावर वाळूची पोती रचत होते. खचणाऱ्या मातीवर पोत्यांचा थर, तो खाली बसला की त्यावर दुसरा. ज्या गोष्टीवर आपण उभे आहोत तीच वाचवायची, आणि ती गेली तर सर्वांत आधी आपण जाणार, अशी ही कामगिरी. संवादांची फारशी गरजच नाही. पोती वाहून नेणाऱ्यांचा श्वास, चिखलातल्या बुटांचा आवाज आणि मधूनमधून पातळी मोजणाऱ्याने सांगितलेला आकडा एवढं पुरेल.

धरण वाचलं नाही. 12 जुलैला, बुधवारी, सकाळी सातच्या सुमारास ते फुटलं. त्या रात्रीचा हिशेब मात्र वेगळा मांडावा लागतो. मधल्या तासांत पोत्यांनी दम धरला नसता तर हेच पाणी झोपलेल्या पुण्यावर काळोखात आलं असतं. आलं ते माणसं जागी असताना, दिवसाउजेडी, जिने आणि गल्ल्या दिसत असताना. मृतांचा आकडा साधारण हजाराच्या घरात सांगितला जातो. रात्री तो कुठे गेला असता याची कल्पना करायला पेठांमधले वाडे एकदा पाहिले असले तरी पुरे.

नाट्याच्या रूढ गणितात हे जवान हरलेले आहेत, कारण धरण फुटलं. प्रकरण म्हणून पाहिलं तर त्यांनी शहराला जे दिलं ते त्या दिवशी दुसऱ्या कुणालाच देता आलं नाही. वेळ.

मधलं धरण

इथे मी जरा रेंगाळणार आहे. पुराबद्दल बोलताना खडकवासल्याला सगळे एका वाक्यात उरकतात: पानशेत फुटलं, मग खडकवासला फुटलं. त्या ‘मग’मध्ये काही तास आहेत.

पावसाळ्यात पुणेकर रोज पेपरात टीएमसीचे, म्हणजे अब्ज घनफुटांचे, आकडे वाचतो, त्यामुळे त्याच भाषेत सांगतो. आजच्या क्षमतेने पानशेत 10.65 टीएमसीचं आणि खडकवासला 1.97 टीएमसीचं. आजचं पानशेत नंतर पुन्हा बांधलेलं आहे, म्हणून हा आकडा 1961 ला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण प्रमाण लक्षात येतं. मोठी घागर लहान तांब्यात उपडी करण्याचा प्रकार होता. त्यात तांब्या आधीच काठोकाठ भरलेला आणि त्याची दारं जवळजवळ पूर्ण क्षमतेने वाहणारी.

खडकवासल्याची पूर पेलण्याची क्षमता सेकंदाला 2,775 घनमीटर, म्हणजे सुमारे 98 हजार क्युसेक (सेकंदाला घनफूट). वरून आलं ते याच्या कितीतरी पुढचं होतं. पाणी धरणाच्या माथ्यावरून जाऊ लागलं, तेही एखाद्या कोपऱ्यातून नव्हे तर सगळ्या लांबीवरून, 2.7 मीटर उंचीचं. जवळजवळ दीड किलोमीटर लांब दगडी भिंत आणि तिच्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कोसळणारी नऊ फूट जाडीची पाण्याची चादर. भिंत थरथरत असल्याचं पाहणाऱ्यांनी सांगितलं. वरचं पाणी येऊन थडकल्यावर चार तासांच्या आत ती गेली.

म्हणजे पुण्यात पाणी दोन टप्प्यांत आलं. आधी खडकवासल्याच्या डोक्यावरून उडी मारून आलेलं, आणि नंतर खडकवासला गेल्यावर त्याच्या पोटातलंही. पडद्यावर दाखवतात तशी इमारतीएवढी भिंत चाल करून आली नाही. नदी चढत गेली, चढतच राहिली, आणि लोकांना वाटलं आता थांबेल तेव्हा आणखी चढली. पडद्यावरची लाट बघणाऱ्याला पळायला लावते. चढणारं पाणी बघणाऱ्याला उभं ठेवतं. त्या सकाळच्या आठवणींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: माणसं पूर बघायला नदीकाठी गेली. पुलांवर गर्दी झाली. पावसाळ्यात मुठेला पाणी आलं की लकडी पुलावर जाऊन ते पाहायचं, ही पुण्याची जुनी हौस. धरण फुटलंय हे ठाऊक नसलेल्या माणसाला तो दिवस त्या हौसेचाच वाटला, तर त्यात वेडेपणा कसला?

मला विचाराल तर या प्रकरणातलं सगळ्यात अंगावर येणारं दृश्य हेच. पुलाच्या कठड्याला टेकून उभी असलेली, छत्र्या धरलेली, गप्पा मारणारी माणसं. प्रेक्षकाला माहीत आहे, त्यांना नाही.

शहर

पुढचा भाग सर्वांना माहीत असलेला, म्हणून थोडक्यात. बंडगार्डनचा पूल वगळता शहरातले पूल पाण्याखाली गेले. नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार या पेठा आणि पलीकडचा डेक्कन जिमखान्याचा भाग बुडाला. नदीला लागून असलेली पुलाची वाडी, ओंकारेश्वराचा परिसर, काठावरच्या सगळ्या खालच्या वस्त्या. पाण्याचा जोर संध्याकाळपर्यंत होता.

घरांबद्दल मात्र एक गोष्ट सांगायला हवी, कारण नाट्यात ती नेहमी उलटी दाखवतात. जुने वाडे लाकडी सांगाड्याचे आणि पांढऱ्या मातीच्या भिंतींचे. अशी भिंत पाण्याच्या धक्क्याने पडते हे खरं, पण भिजून पडते हे त्याहून खरं. पाणी वेढून असतं तोवर दोन्ही बाजूंचा दाब तिला उभी धरतो. पाणी उतरू लागलं की आधार जातो, आणि आतून चिखल झालेली भिंत बसते. म्हणजे पूर ओसरला म्हणून घरात सामान पाहायला गेलेला माणूसही सुरक्षित नव्हता. संहितेत हा प्रसंग ‘संकट टळल्यानंतर’ येतो. म्हणूनच तो कुणी लिहीत नाही.

दुसरी उलटी गोष्ट पाण्याचीच. पुण्याचं पिण्याचं पाणी खडकवासल्यातून यायचं. खडकवासला गेलं आणि गावभर गाळ, चिखल आणि ओल असताना नळ कोरडे पडले. वाड्यांतल्या बुजत आलेल्या विहिरी आणि पेशव्यांच्या काळात कात्रजहून आणलेल्या पाण्यावरचे हौद यांची लोकांना पुन्हा आठवण झाली. अठराव्या शतकातल्या व्यवस्थेने विसाव्या शतकातल्या शहराची तहान काही प्रमाणात तरी भागवली. असा उपरोध लेखकाने स्वतः रचला असता तर समीक्षकांनी त्याला ओढूनताणून आणलेला म्हटलं असतं.

नंतर

मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. पुनर्वसनाचं काम स. गो. बर्वे यांच्याकडे आलं. ते सनदी अधिकारी, पूर्वी पुण्याचे जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्त राहिलेले, म्हणजे शहर नकाशावर नव्हे तर पायांनी ओळखणारे. पुढे 1962 मध्ये ते शिवाजीनगरमधून निवडूनही आले. पूरग्रस्तांसाठी अर्धगोल पत्र्याच्या निसेन हट उभ्या राहिल्या. गोखलेनगर, लोकमान्यनगर, दत्तवाडी, सहकारनगर अशा वस्त्यांची आजची ओळख त्या एका बुधवाराशी बांधलेली आहे. पुण्याचा नकाशा पेठांच्या बाहेर सरकला त्यामागे इतर कारणंही होती, पण पुराने धक्का दिला. तात्पुरत्या म्हणून दिलेल्या घरांच्या मालकीचे कागद मात्र पुढे कित्येक दशकं रेंगाळले. पूर एका दिवसाचा होता. फाइल तशी नव्हती.

चौकशीसाठी न्यायमूर्ती बावडेकर आयोग नेमला गेला. काम पुरं व्हायच्या आत बावडेकरांचा मृत्यू झाला आणि ते न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे गेलं. साच्यातल्या नाट्याला इथे न्यायालयाचा प्रसंग हवा असतो: साक्षीदार कोसळतो, सत्य बाहेर येतं, टाळ्या. खऱ्या चौकशीत निघतं ते आराखडे, मोजमापं, तारखा, कुणी कुणाला कधी कळवलं याच्या नोंदी. तारांचे कागद. मला ते जास्त नाट्यमय वाटतात, पण मी अल्पमतात असेन.

इशारा

आता मूळ प्रश्नाकडे. शहराला वेळेवर आणि स्पष्ट शब्दांत सांगितलं गेलं नाही, ही पुणेकरांची तक्रार त्या दिवसापासून आजपर्यंत टिकून आहे. ती रास्त आहे. पण प्रकरण अभ्यासायचं तर न सांगणाऱ्याच्या जागी काही वेळ उभं राहावं लागतं.

समजा रात्र आहे आणि धरणावरून कळतंय की माथा खचतोय. जाईलच असं कुणी छातीठोक सांगत नाही, राहील असंही नाही. जवान पोती रचतायत, कदाचित निभेल. सांगितलं आणि धरण तगलं, तर विनाकारण गाव उठवलं म्हणून उद्या तुमची खुर्ची जाईल. सांगितलं आणि अंधारात, पावसात, अरुंद बोळांत चेंगराचेंगरी झाली, तर ते मृत्यूही तुमच्याच नावावर. न सांगता धरण तगलं तर कुणाला काही कळणारच नाही. चार शक्यतांपैकी तिघांमध्ये गप्प राहणं किंवा थांबणं शहाणपणाचं दिसतं. न सांगता धरण गेलं ही चौथी, आणि तीच घडली.

जगभर पूर असो, वादळ असो, अशा वेळी एकच युक्तिवाद ऐकू येतो: लोक घाबरतील. पानशेतच्या प्रकरणात या युक्तिवादाची परीक्षा झाली, तीही विचित्र क्रमाने. पूर येताना बहुतेकांना काही सांगितलं गेलं नाही, आणि ते पुलांवर उभे राहिले. नंतर, पाणी ओसरल्यावर, एक दिवस आवई उठली. ‘पाणी आलं, पाणी आलं!’ वर आता फुटायला धरणच उरलेलं नव्हतं. तरी माणसं हातातलं टाकून धावत सुटली. दुकानं उघडी, चुलीवर भांडी, पोरं काखोटीला. उंचावर, पर्वतीकडे, टेकड्यांकडे.

हे दृश्य कुणी पुण्याच्या भित्रेपणाचं म्हणून विनोदी करतात. मला त्यात उलटा हिशेब दिसतो. एकदा न सांगितल्याची किंमत त्या दिवशी पुन्हा वसूल झाली. खरं संकट आलं तेव्हा ज्यांच्याकडून कळायला हवं होतं त्यांच्याकडून कळलं नाही, मग पुढच्या वेळी रस्त्यावरच्या कुठल्याही ओरडण्यावर विश्वास ठेवण्याखेरीज लोकांकडे उरलं काय? घबराट होईल म्हणून सांगायचं टाळलं, तरी घबराट टळत नाही, ती फक्त चुकीच्या दिवशी होते.

आज मुठेच्या काठाला पूररेषा आखलेल्या आहेत: निळी 60 हजार क्युसेकची, लाल 1 लाखाची. धरणातून पाणी सोडलं की आकडे काही मिनिटांत मोबाइलवर येतात. तरी जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांना जाग आली ती घरात पाणी शिरल्यावर, आणि तेव्हाचा विसर्ग 35 हजार क्युसेकच्या आसपास होता, निळ्या रेषेच्या बराच खाली. तिथल्या रहिवाशांची तक्रार तीच, आम्हाला वेळेत कळवलं नाही. त्यामुळे पानशेतवर लिहिणाऱ्याला जुन्या काळाचे कपडे आणि टांगे जमवण्याची जितकी गरज वाटते, तितकी ती नाही.

शेवटचं दृश्य मी अफवेच्या दिवसाचं ठेवेन. पर्वतीच्या पायऱ्यांवर दाटीवाटीने बसलेली शेकडो माणसं, अजून धापा टाकणारी. सगळ्यांची तोंडं नदीकडे. नदी पात्रातच आहे, गढूळ, आपल्या चालीने वाहणारी. कुणीतरी पहिला उठतो आणि खाली निघतो. बाकीचे त्याच्याकडे बघतात, पण जागचे हलत नाहीत.